डावा कान खात्याचा

माझ्या मोठ्या नणंदबाईंइतकी कानांची निगा राखणारी बाई दमणगंगेच्या अलीकडे किंवा पलीकडे कुठेही सापडणार नाही. कुणी दागिने सांभाळतं, कुणी मुलांची प्रगतिपुस्तकं जपून ठेवतं; ताईंनी जन्मभर दोन कान सांभाळले. त्या धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. मुंबई लावून द्या, सुरत लावून द्या, जळगाव का लागत नाही, अशा अख्ख्या खानदेशाच्या विनवण्या आणि शिव्या त्यांनी डोक्याला हेडफोन अडकवून ऐकल्या. त्याच कानांच्या जोरावर त्यांनी आईवडिलांचं म्हातारपण निभावलं आणि धाकट्या भावाचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, इंजिनिअरिंग पुरं केलं. लग्न मात्र केलं नाही. नवऱ्याचंही ऐकायचं आणि खात्याचंही ऐकायचं तर त्याला कान दोनच, असं त्याचं कारण त्या सांगत. खरं कारण काय होतं, ते आमच्या घरात कुणी कधी विचारलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्या आमच्याकडे सिल्वासाला राहायला आल्या. हे इथल्या एका धाग्याच्या कारखान्यात आहेत आणि मी शाळेत गणित शिकवते. सामान लावायच्या आधी ताईंनी घराची तपासणी केली. न्हाणीघरातल्या कपाटातून कापूस गुंडाळलेल्या काड्यांचं पाकीट, माझ्या डबीतल्या केसांच्या पिना आणि देवघरातली काड्यापेटी त्यांनी जप्त केली. पिना आणि काड्यापेटी मोजून परत मिळाल्या, पाकीट मात्र कचऱ्यात गेलं. कानात आपल्या कोपराहून लहान काहीही जाता कामा नये, असा त्यांचा नियम होता, आणि तो समजावून देताना त्या स्वतःचं कोपर कानाकडे नेऊन दाखवत. आमच्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला हे दृश्य चहाच्या आधी बघावं लागे.

स्वतःच्या कानांसाठी त्यांचे कायदे आणखी कडक होते. सिल्वासाच्या मे महिन्यात, अंगावरचा सुती कपडाही नकोसा होतो तेव्हा, त्या डोक्याला मफलर गुंडाळून भाजीला जात. दोन्ही कानांत बारमाही कापसाचे बोळे असत. कुकरची शिट्टी व्हायची वेळ आली की त्या गॅलरीत निघून जात आणि मी आतून हात हलवून सांगेपर्यंत परत येत नसत. फोन कायम डाव्या कानाला लावत, कारण एक्स्चेंजमधल्या हेडफोनला एकच वाटी होती आणि ती डाव्या कानावर असे. "डावा कान खात्याचा, उजवा घरचा," असं त्या म्हणत. त्यामुळे त्यांच्याशी घरगुती बोलायचं तर आम्ही उजवीकडे जाऊन बसायचो. सवयीने ते इतकं अंगवळणी पडलं होतं की आमच्या सोफ्याची उजवी बाजूच तेवढी खचली.

दुसऱ्याच्या कानात काही जाताना दिसलं की मात्र त्यांना आपपर भाव उरत नसे. रांध्याला ह्यांच्या एका सहकाऱ्याच्या मुलाचं लग्न होतं. आमच्या समोरच्या पंगतीत ह्यांचे मोठे साहेब बसले होते. जिलबी यायला वेळ होता म्हणून असेल, साहेबांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि डोळे मिटून कानात फिरवायला सुरुवात केली. ताई उठल्या, पंगत ओलांडून गेल्या आणि त्यांनी साहेबांचं मनगट धरलं. "साहेब, किल्ली कुलपात घालायची असते," त्या म्हणाल्या, आणि किल्ली रुमालाने पुसून त्यांच्या पानाशेजारी ठेवून परत आल्या. ह्यांनी तेवढा वेळ मान वर केली नाही. त्या वर्षी ह्यांची बढती हुकली. तिचा आणि किल्लीचा काही संबंध नाही, असं हे अजूनही म्हणतात, पण ते दर वेळी स्वतःहूनच म्हणतात.

शेजारच्या गुजराती बाईंच्या नातवाचा कान दुखत होता. त्यांनी लसूण घालून तेल कडकडीत तापवलं आणि पोराला मांडीवर आडवं घेतलं. वासावरून ताईंना सुगावा लागला. फोडणी डाळीला द्यायची, पोराला नाही, असं म्हणून त्यांनी वाटी ओट्यावर नेऊन ठेवली. तेलाला त्यांचा सरसकट विरोध होता असं नाही. कान दुखत नसेल, वाहत नसेल, पडद्याला भोक नसेल, तर हाताला जेमतेम कोमट लागेल अशा तेलाचे दोन-चार थेंब घालून कुशीवर पडायला त्यांची परवानगी होती. मळ मऊ झाला की आपला आपण बाहेर येतो, त्याला आत जाऊन बोलवायचं नसतं, असं त्या सांगत. दुखणाऱ्या कानाला मात्र थेट डॉक्टर. त्या पोराला त्या स्वतः रिक्षात घालून घेऊन गेल्या. कान आतून पिकला होता. औषधाने तो बरा झाला, आणि तेव्हापासून शेजारच्या बाई उंधियुं केला की पहिली वाटी आमच्याकडे पाठवू लागल्या.

पण ताईंचं खरं कर्तृत्व पाहायचं तर त्यांच्याबरोबर घाट चढायला हवा. नाशिकला जाताना खानवेल मागे पडून चढ लागला की माणसांच्या कानाला दडे बसतात. बहुतेक लोक ते निमूटपणे सोसतात. ताईंच्या देखत ते शक्य नव्हतं. त्या पर्समधून पेपरमिंटच्या गोळ्या काढून अनोळखी प्रवाशांना वाटत आणि चघळून आवंढे गिळायला लावत. तेवढ्याने ज्याचा कान सुटला नाही त्याला तोंड बंद, नाक चिमटीत आणि हलकी फुंकर असा दुसरा धडा मिळे. इथे त्या फार काटेकोर होत्या. बशीतला चहा फुंकतो तेवढंच फुंकायचं, चूल पेटवल्यासारखं नाही, पडदा फाटेल. आणि नाक चोंदलेलं असेल त्याने तर हे करायचंच नाही.

एकदा बसमध्ये गोळ्या संपल्या, तेव्हा त्या जागेवर उभ्या राहिल्या आणि सगळ्या बसकडे तोंड करून त्यांनी एक भलीमोठी जांभई दिली. जांभईने कान उघडतो हे खरं आहे, आणि जांभई पसरते हेही खरं आहे. पुढच्या बाकावरून मागच्या बाकापर्यंत बस जांभया देऊ लागली. ताई समाधानाने पाहत होत्या. तेवढ्यात आरशातून ते सगळं बघत असलेल्या ड्रायव्हरनेही तोंड उघडलं. वळणावरची गोष्ट होती. कंडक्टर धावत आला आणि हात जोडून म्हणाला, "मावशी, पॅसेंजरला काय करवायचं ते करवा, ड्रायव्हरला नका करवू." ताई बसल्या, पण ड्रायव्हरचे कान दडलेलेच राहिले याची त्यांना नाशिक येईपर्यंत चुटपुट लागून राहिली.

एवढं सगळं असलं तरी ताई बडबड्या नव्हत्या, हे सांगायला हवं. कानाचा विषय सोडला तर त्या बोलतच नसत, ऐकत असत. संध्याकाळी दिवेलागणीला त्या फोन घेऊन बसत. त्याला त्या ड्युटी म्हणत. एक्स्चेंजमधल्या जुन्या मैत्रिणी आता गावोगाव पांगल्या होत्या. एकीचा मुलगा परदेशात, एकीचं सुनेशी पटत नाही. शिरपूरची एक मैत्रीण बरीच वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. ती रोज तेच सांगे: भाचीने औषध वेळेवर दिलं नाही, दुपारी कावळा खिडकीत बसला होता, सुपारी खाऊ देत नाहीत. ताई डाव्या कानाला फोन लावून हं, हं करत सगळं ऐकून घेत. मी एकदा विचारलं की रोज तेच ऐकून कंटाळा कसा येत नाही. त्या म्हणाल्या की ती बोलते तोवर ती बरी आहे हे कळतं.

गेल्या हिवाळ्यात ताईंना सर्दी झाली. सर्दी गेली आणि ताई एकाएकी बोलायला लागल्या. आधी आम्हाला बरं वाटलं. मग लक्षात आलं की त्या थांबतच नाहीत. शेजारच्या बाई काही विचारायला आल्या की ताई दारातच मेथीचे भाव सुरू करत, तिथून पाण्याचा टँकर, तिथून हवा, आणि बाई न विचारताच परत जात. ह्यांनी कारखान्यातलं काही सांगायला तोंड उघडलं की ताई वासोण्याच्या सफारीतल्या सिंहांवर बोलू लागत. सिंह त्यांनी पाहिले नव्हते. आठवडा असाच गेला असेल. शेजारच्या बाईंनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, बेन आमच्यावर रागावल्या आहेत का, कुणाचं काही ऐकूनच घेत नाहीत.

मी वर आले तेव्हा कुकर लावलेला होता. शिट्टी झाली. दुसरीही झाली. ताई पेपर वाचत बसलेल्या होत्या. गॅलरीत जाणं राहू द्या, त्यांनी पानसुद्धा खाली केलं नाही. तेवढ्यात त्यांच्यासमोर ठेवलेला फोन वाजला. फोनवर शिरपूरच्या मैत्रिणीचं नाव दिसत होतं. ताईंनी त्याकडे पाहिलं, पेपरची घडी केली आणि ती फोनवर ठेवली. फोन पेपरखाली वाजत राहिला आणि मग थांबला. मी उजवीकडे जाऊन बसले आणि विचारलं, "ताई, कानाला दडे बसलेत का?" त्यांनी मला सांगितलं की यंदा थंडी म्हणावी तशी पडलीच नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून लवकर घरी आले. ताईंच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. त्या आरशासमोर ताठ बसून जांभया देत होत्या. एक झाली की दुसरी, अगदी शिस्तीत. मग त्यांनी पेल्यातून घोटघोट पाणी प्यायलं. मग गोळी चघळली. मग नाक चिमटीत धरून चहाएवढी फुंकर मारली आणि वाट पाहिली. मग गरम पाण्यात पिळलेला रुमाल डाव्या कानाला लावून डोळे मिटून बसल्या. लोकांना सांगितलेलं सगळं त्या एकेक करून स्वतःवर करत होत्या, आणि एकही पायरी चुकवत नव्हत्या. डोळे उघडल्यावर त्यांना आरशात मी दिसले.

फोनवर वर्षानुवर्षं स्वच्छ, छापील मराठी बोललेल्या आमच्या ताई त्या दिवशी माहेरच्या बोलीत बोलल्या. "मना या कानमा काहीच आयकू येत नही," त्या म्हणाल्या.

मी बाजूला बसले. हळूहळू कळलं ते असं, की सर्दीने दडा बसला असता तर तो बहुधा दोन्हीकडे असता, थोडा असता, कमीजास्त झाला असता. हे तसं नव्हतं. एका सकाळी त्या उठल्या तेव्हा डावीकडचं जग गेलेलंच होतं. आत फक्त एक बारीक शीळ वाजत होती. असं अचानक झालं तर घरात उपाय करत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, हे मी त्यांच्याच तोंडून किती जणांना सांगताना ऐकलं होतं. मी म्हटलं, मग तुम्ही का नाही गेलात?

त्यांनी रुमालाची घडी घातली, उलगडली, परत घातली. "मळ आहे म्हणून स्वतःची समजूत घातली होती," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी बघून मळ नाही म्हटलं असतं, तर?"

मी ह्यांना फोन केला आणि आम्ही तसेच निघालो.

दवाखान्यात पोचेपर्यंत ताईंनी आपला छापील आवाज परत मिळवला होता. डॉक्टर तरुण होता आणि गुजराती, हिंदी, मराठी यांपैकी जे वाक्य ज्या भाषेत सोपं जाईल त्या भाषेत बोलत होता. त्याने आधी उजव्या कानात दिवा धरला आणि बराच वेळ पाहत राहिला. मग विचारलं, "माँजी, आप कान में कुछ डालते हो?" ताईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी कोपर वर करून आपला नियम त्याला ऐकवला. तो तोंडावर हसू न आणता ऐकत होता. मग त्याने बारीक चिमट्याने त्या कानातून मळात लडबडलेला कापसाचा एक तुकडा काढला आणि ट्रेमध्ये ठेवला. तो किती काळ तिथे होता कोण जाणे. बोळा बदलताना कधीतरी थोडा मागे राहून गेला असावा. उजवीकडूनही त्यांना कमी का ऐकू येत होतं, ते आता कळलं. ताई ट्रेकडे पाहत राहिल्या. कापूस हा काही घालण्यात मोडत नाही, असं त्या पुटपुटल्या, पण त्यात जोर नव्हता. हे खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते.

मग डावा कान झाला. तो आतून लखलखीत होता. मळ नाही, सूज नाही, पडदा ठीक. डॉक्टर एवढा वेळ गमतीत होता, आता गंभीर झाला. त्याने ताईंना काचेच्या बंद खोलीत तपासणीला पाठवलं. तिथल्या मुलीने हेडफोन दाखवून समजावायला सुरुवात केली, तोवर ताईंनी तो डोक्यावर चढवून, केस मागे सारून, पाठ ताठ करून खुर्ची पुढे ओढली होती. मी काचेबाहेरून पाहत होते. आवाज ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं होतं. उजव्या कानाचे आवाज सुरू झाले आणि ताईंचं बोट चटचट चालू लागलं. तेवढ्या वेळात त्या पुन्हा तरुण दिसल्या. मग मुलीने बाजू बदलली. ताईंचं बोट बटणावर तयार होतं. मुलगी आवाज वाढवत गेली. ताई समोर बघत होत्या, मान किंचित पुढे, जणू एवढ्यात कुणीतरी बोलेल. बोट हललं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी स्वतःच हेडफोन उतरवला आणि त्या मुलीला ऑपरेटरच्या आवाजात सांगितलं, "इकडची लाइन बंद आहे."

डॉक्टरांनी सांगितलं की हा मळाचा किंवा दड्याचा प्रकार नाही, आतली नस आहे. काही जणांचं असं का होतं ते नेमकं कळत नाही. पहिल्या दिवशीच आला असतात तर आशा जास्त होती, तरी अजून उशीर झालेला नाही, औषध आजच सुरू करू. सगळं परत येईलच असं नाही. हे त्याने चांगल्या शब्दांत सांगितलं. ताईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि उठताना त्याला विचारलं की तो स्वतः कानात काही घालत नाही ना.

औषधं झाली, पुन्हा तपासण्या झाल्या. थोडं परत आलं. कुकरची शिट्टी डावीकडून लांबच्या गावातून आल्यासारखी येते. दार आपटलेलं कळतं. माणसांचं बोलणं तिकडून कळत नाही. यंत्र लावून बघू, असं डॉक्टर म्हणाले आहेत. ताईंनी त्यावर विचार करायला वेळ मागून घेतला आहे.

त्या सगळ्यात अवघड गेला तो शिरपूरचा फोन. दवाखान्यातून आल्यावर दोन संध्याकाळी त्या नुसत्याच फोन घेऊन बसून राहिल्या. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी तो उजव्या कानाला लावला. हात अवघडला, फोन निसटला, परत लावला. मैत्रिणीला त्यांनी काय सांगितलं ते मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. आपण फोन का उचलला नाही, ते त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मग ताई हसल्या. नंतर त्यांनी मला सांगितलं की ती म्हणाली, मला वाटलं तू मेलीस, आणि मला कुणी कळवलं नाही.

सोसायटीत त्यांचा वचक कमी होईल अशी मला भीती होती. झालं उलटंच. गणपतीच्या बैठकीत वर्गणीचा विषय संपल्यावर त्या उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर सांगितलं की माझा कान अचानक गेला, मी घाबरून आठवडा घालवला, त्यात जे परत येऊ शकलं असतं ते गेलं. तुम्ही कुणी असं करू नका, मला नाही तर ह्या माझ्या भावजयीला सांगा, ती गाडी काढेल. मला हे आधी विचारलेलं नव्हतं. तेव्हापासून कुणाचा कान जरा खाजला तरी आमची बेल वाजते. एकदा तर खालच्या मजल्यावरचे आजोबा नुसतंच कानात पाणी गेलंय म्हणून आले. ताईंनी त्यांना एका बाजूला मान कलती करून उभं केलं, कानाची पाळी हलके ओढायला लावली, पाणी आपोआप निथळलं. आजोबांना घरी जायची घाई नव्हती, म्हणून त्यांनी दुसराही कान कलता करून पाहिला.

परवा रविवारी दुपारी मी गॅलरीत वालाच्या शेंगा सोलत बसले होते. ताई खुर्ची घेऊन आल्या आणि माझ्या डाव्या हाताला अगदी चिकटवून बसल्या, म्हणजे त्यांचा उजवा कान माझ्याकडे आला. मी विचारलं, काही हवंय का.

"नाही. तू बोलत राहा," त्या म्हणाल्या.

"काय बोलू?"

"काहीही. डॉक्टर म्हणालेत, वयाप्रमाणे हाही कमी होत जाणार. तोवर तुम्हा सगळ्यांचे आवाज पाठ करून ठेवते."

मग मी उद्या डब्याला काय करायचं ते बोलू लागले. वालाची उसळ करू की बिरडं, पोळ्या किती लागतील, दही विरजायचं राहिलंय, ह्यांना दुसरी पाळी आहे. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. शेंगा संपल्या तरी मी बोलत होते. मध्येच त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"जरा सावकाश," त्या म्हणाल्या.